पंपाशिवाय शहराला पाणी: बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा कसा चालतो

रावेर सोडून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागलं की मधे राज्याची हद्द येऊन जाते. पण रस्त्याकडेची केळी आणि उत्तरेचा सातपुडा तसेच सोबत राहतात. मुलूख एकच आहे. फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाचा कारभार बऱ्हाणपुरातून चालायचा, पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणंही तेच होतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, इतकंच.

आपल्याकडची माणसं तिथे जातात ती असीरगड चढायला, दर्ग्याला, नाहीतर शाही किल्ला बघायला. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात वारली आणि आधी तापीपलीकडच्या आहूखाना या शाही बागेत तिचं दफन झालं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. लालबागजवळचा कुंडी भंडारा मात्र राहून जातो. कुणी तिथवर पोचलंच तर शेतातून गेलेली गोल कठड्यांची रांग बघतं, एखाद्या कठड्यावरून आत डोकावतं आणि ‘जुन्या विहिरी दिसतात’ म्हणून गाडीत बसतं. त्या कठड्यांखाली चारशे वर्षांपूर्वीची शहराची पाणीपुरवठा योजना आहे. तिच्यात मोट नव्हती, रहाट नव्हता, बैलही नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीच्या पोटातून आपल्या पायांनी शहरात येत होतं. काही लोक तिला खूनी भंडारा म्हणतात. नाव ऐकून दचकायचं कारण नाही.

ही योजना समजायला आधी आपल्या ओळखीची बारव डोळ्यांपुढे आणावी. बारवेत माणूस पाण्याकडे उतरतो. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांवर असतं, चैत्रात ते तळाशी जातं आणि बायका हंडे घेऊन शेवटच्या पायरीपर्यंत जातात. बाजूच्या कोनाड्यात देव असतो, वर मोटेचं थारोळं असतं. एका गावाला, एका मळ्याला, वाटेवरच्या तांड्याला ही व्यवस्था पुरेशी. तिची मर्यादा एकच: प्रत्येक घागर कुणीतरी वर आणावी लागते, खांद्यावर नाहीतर बैलांच्या जोरावर. माणसं शंभर असोत की लाख, हे ओझं टळत नाही.

बऱ्हाणपूरला ते ओझं परवडणारं नव्हतं. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. तेव्हापासून दख्खनच्या मोहिमा इथून हलायच्या. शहजादे इथे तळ देऊन असत. इंग्रज राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये अजमेरला जाताना वाटेत बऱ्हाणपुरात थांबला, तो शहजादा परवेझला भेटायलाच. फौज म्हटली की घोडे, हत्ती, उंट, बाजारबुणगे सगळं आलं. शिवाय हे कापडाचं शहर. सूत भिजवायचं, कापड धुवायचं, रंगवायचं तर पाणी लागणारच.

तापी तर किल्ल्याला लागूनच वाहते. मग अडचण काय होती? किल्ल्याच्या भिंतीवरून खाली बघितलं की उत्तर मिळतं. नदीने स्वतःच्याच गाळात खोल पात्र कोरलंय, शहर उंच दरडीवर आहे आणि पाणी पार खाली. पावसाळ्यात तेच पाणी गढूळ होऊन धो धो वाहतं. शत्रू नदीत विष कालवेल या भीतीने दुसरी सोय केली, असंही तिथे सांगितलं जातं. ते खरं असो नसो, उंचीची अडचण एकटीच पुरेशी होती.

त्या काळात बऱ्हाणपूरचा कारभार अब्दुल रहीम खानखानान बघत होता, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, हे काम झालं. त्यासाठी इराणकडचा एक जाणकार आणला होता, तबकुतुल अर्ज नावाचा, असं सांगतात. इराणात हे शास्त्र फार जुनं. तिथे अशा बोगद्यांना कनात म्हणतात आणि कोरड्या पठारावरची गावंच्या गावं त्यांवर जगली आहेत. पण परदेशी जाणकाराला इथे जे सापडलं ते नसतं, तर सगळं ज्ञान वाया गेलं असतं. ते म्हणजे आपल्या सातपुड्याचा पायथा.

डोंगराच्या पायथ्याशी काय दडलंय

या लेखात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथलंच. बोगद्याचं सगळे कौतुक करतात, पण बोगदा पाणी तयार करत नाही.

सातपुड्यावरून सुकी, मोर, अनेर, गूळ अशा कितीतरी नद्या आणि नावही नसलेले नाले खाली येतात. डोंगरात उतार खडा, म्हणून पाण्याला जोर असतो आणि मोठाले धोंडेही त्यात गडगडत येतात. पायथ्याशी उतार एकदम मोडतो, पाण्याचा जोर ओसरतो आणि बरोबर आणलेला माल खाली पडू लागतो. खळ्यात धान्य उफणताना होतं तसंच हे: जड दाणा पायाशी पडतो, हलका भुसा लांब जातो. धोंडे आणि गोटे पायथ्याशीच पडले, त्यापुढे बजरी, मग वाळू, आणि बारीक चिकणमाती पार तापीकडे गेली. हजारो वर्षं हे चालल्यावर सातपुड्याच्या पायाला लागून गोटे-बजरीचा एक लांबच लांब पट्टा तयार झाला. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. चोपडा, यावल, रावेर ते बऱ्हाणपूर, सगळीकडे तो आहे. याच पायथ्याशी जमिनीत मोठी भेगही आहे. अडावदजवळच्या उनपदेवाला गरम पाणी वर येतं ते अशा भेगांमुळेच.

या पट्ट्याचा गुण असा की तो पाणी पितो. आपल्या काळ्या कसदार जमिनीवर पाऊस पडला तर माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहून जातं. बझाड्यात गोट्यांमधल्या फटीतून ते सरळ खाली उतरतं. म्हणून पायथ्याचे कितीतरी नाले डोंगरातून खळखळत येतात आणि पायथा ओलांडता ओलांडता कोरडे होतात. नवख्या माणसाला वाटतं नाला आटला. पाणी असतं, पण खाली गेलेलं असतं.

खाली गेलेलं पाणी तिथे थांबत नाही. खालचा चिवट थर त्याला आणखी खोल जाऊ देत नाही, म्हणून ते जमिनीच्या उतारानं हळूहळू तापीकडे सरकू लागतं. सरकण्याचा वेग अगदी मंद असतो. या मंदपणामुळेच आषाढातला पाऊस वैशाखातही उपयोगी पडतो, आणि बजरी-वाळूतून गाळला गेल्यानं तो स्वच्छही होतो. सातपुडा आणि तापी यांच्यामध्ये जमिनीखाली अशी एक रुंद, दिसत नसलेली, सतत पुढे सरकणारी ओल आहे. कुंडी भंडाऱ्यानं त्या ओलीला वाटेत आडवं जाऊन थोडं पाणी शहराकडे वळवलं.

बोगदा आणि कुंड्या

आता रचनेकडे येऊ. सोपे आकडे घेऊन हिशेब मांडतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत, भंडाऱ्याची मोजमापं नव्हेत.

समजा, डोंगराकडून शहराकडे जमीन दर किलोमीटरला १० मीटर उतरते. डोंगराच्या बाजूला आपण २७ मीटर खोल विहीर खणली आणि तिला पाणी लागलं. या विहिरीच्या तळापासून शहराकडे एक बोगदा काढायचा, पण त्याचा उतार जमिनीपेक्षा कितीतरी कमी ठेवायचा, किलोमीटरला फक्त १ मीटर. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला जमीन बोगद्याच्या ९ मीटर जवळ येते. ३ किलोमीटर गेल्यावर जमीन आणि बोगदा एका पातळीला भेटतात आणि पाणी उघड्यावर येतं. कुणी उपसलं नाही, कुणी चढवलं नाही. पाणी पूर्ण वाटभर उतरतच होतं, जमीन मात्र त्याच्यापेक्षा भरभर उतरली.

यातली गोम उतारात आहे. बोगद्याचा उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून तळ आणि भिंती कोरतं, शिवाय ते शहरापर्यंत जमिनीखालीच राहतं. उतार कमी पडला तर गाळ साचून बोगदा तुंबतो. जमिनीखाली दिव्याच्या उजेडात, दोरी आणि ओळंबा घेऊन, हा सूक्ष्म उतार कितीतरी अंतर सांभाळायचा. आज लेझरची यंत्रं घेऊन काम करणाऱ्या अभियंत्यांनीही त्या कारागिरांपुढे मान लववावी, असं मला मनापासून वाटतं.

बोगद्याचे दोन भाग असतात. डोंगराकडचा भाग भूजलाच्या पातळीखाली असतो, तिथे भिंतींमधून आणि तळातून पाणी पाझरत आत येतं. शहराकडचा भाग त्या पातळीच्या वर असतो, तो फक्त पाणी वाहून नेतो. पहिला भाग पाणी गोळा करण्याचा, दुसरा पोचवण्याचा.

आणि कुंड्या? वर जे गोल कठडे दिसतात ती या उभ्या विहिरींची तोंडं. त्या शंभराहून जास्त आहेत आणि ओळीनं, एकमेकींपासून थोड्या थोड्या अंतरावर आहेत. खणताना बोगद्यातला माल वर काढायला त्या लागल्या, कारण लांबवर आत माती ओढत नेणं शक्य नव्हतं, आणि हवा खेळती नसेल तर आत दिवाही टिकत नाही आणि माणूसही. काम झाल्यावर त्याच वाटेनं उतरून गाळ काढता येई, ढासळलेला भाग दुरुस्त करता येई. वरच्या माणसाला दोर सोडून पाणीही भरता येई. कठडा जमिनीपासून उंच बांधलाय तो पावसाचं गढूळ पाणी आत जाऊ नये म्हणून.

एका कुंडीतून खाली जायची सोय आहे, त्यासाठी लिफ्ट बसवली आहे. साधारण ८० फूट खाली उतरलं की उन्हाळ्यातही गारवा अंगावर येतो. पायाखाली नितळ पाणी, तळाचे खडे मोजता येतील इतकं. बोगदा एवढा उंच आहे की माणूस उभ्यानं चालू शकतो. भिंतीला हात लावला तर विटेचा नाही, दगडाचाही नाही, गुळगुळीत पांढऱ्या थराचा स्पर्श होतो. इथल्या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाझरताना ते भिंतीवर मागे राहतात आणि थरावर थर चढतो. काही ठिकाणी भिंतीला फुगवटे आलेत. त्यांच्या कडेनं थेंब ओघळत असतात, आणि पुढच्या कुंडीतून पडलेला उजेडाचा गोल कवडसा पाण्यावर दिसतो. मार्गदर्शक सांगेल ती राजा-राणीची गोष्ट ऐकावी, पण त्याआधी भिंतीतून पाणी आत येतंय ते नीट बघून घ्यावं. सगळी योजना त्या पाझरात आहे.

हा एकच भंडारा नव्हता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये बऱ्हाणपूरच्या आठ पाणीयोजनांची नोंद आहे. त्यातल्या दोन वाहत्या ओढ्यांचं पाणी वळवणाऱ्या होत्या, त्या तेव्हाच मोडल्या होत्या. बाकी सहा अशाच, जमिनीखाली जोडलेल्या विहिरींच्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही नावं आजही तिथल्या लोकांच्या तोंडी आहेत. शहराबाहेरच्या बहादरपूर वस्तीलासुद्धा वेगळी योजना होती.

भंडाऱ्यांचं पाणी शहराजवळ जाली करंज या ठिकाणी एकत्र यायचं आणि तिथून बंदिस्त नळांनी वाड्या-मोहल्ल्यांत जायचं. या नळांच्या वाटेवर मधे मधे विटांचे पोकळ मनोरे उभारलेले होते, उगमाच्या पाण्याच्या पातळीएवढे उंच. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडतं आणि दाब वाढला की नळ फुटतो. उघड्या मनोऱ्यातून हवा निसटते आणि पाणी आपल्या पातळीपर्यंत चढून शांत होतं, मनोऱ्यावरून ओसंडत नाही, कारण उगमापेक्षा उंच ते जाऊच शकत नाही. शाळेत पाणी समपातळीत राहतं हा धडा आपण पाठ करतो. इथे त्या धड्यावर शहर उभं होतं.

ज्यांनी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, नहर-ए-अंबरी बघितली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने खडकीला, म्हणजे त्याच शहराला, पाणी आणलं ते याच सुमारास आणि याच तत्त्वानं. मोगल आणि अंबर रणांगणात एकमेकांचे वैरी होते, पाण्याची विद्या मात्र दोघांनी एकच वापरली. आपल्या धुळ्याकडे पांझरेवर बंधारे आणि त्यांच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे फड आहेत, तेही उताराचंच शास्त्र, फक्त उघड्यावरचं आणि शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेलं. त्यावर वेगळं लिहायला हवं.

भंडारा कधी आटतो

या रचनेचा एक गुण आजच्या काळात फार महत्त्वाचा आहे. कनात असेल तेवढंच पाणी देते. बोगद्याची पातळी ठरलेली. भूजल तिच्या वर असेल तर पाझर, खाली गेलं की पाझर बंद. पाऊस चांगला झाला की धार जाडजूड, दुष्काळात बारीक. कुणी कितीही हाव धरली तरी बोगद्याच्या खालचं पाणी त्याच्या हाती लागत नाही. पुढच्या पिढीचा साठा आपोआप सुरक्षित राहतो.

बोअरला ही मर्यादा नाही. पाणी खाली गेलं की आपण आणखी खोल जातो, मोठी मोटर टाकतो. बझाड्याच्या पट्ट्यात आज शेकडो फुटांवरून उपसा चालतो. भूजलाचा अतिउपसा होणारे तालुके म्हणून रावेर-यावलची नावं सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे येतात. यात कुणा शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. या पट्ट्याचं घर केळीवर चालतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हीच जमीन, हेच पाणी आणि याच लोकांचे कष्ट आहेत. ठिबक आपल्याकडे जितकं पसरलं तितकं क्वचितच कुठे पसरलं असेल. तरीही जमिनीत मुरतं त्यापेक्षा जास्त वर येतंय, हा हिशेब चुकवता येत नाही.

आणि इथेच भंडाऱ्याच्या जतनाची चर्चा मला अपुरी वाटते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत बऱ्हाणपूरच्या खूनी भंडाऱ्याचं नाव आलं, त्याचा मनापासून आनंद झाला. आता कठडे दुरुस्त होतील, रस्ता होईल, फलक लागतील, दिवे लागतील. हे सगळं व्हायला हवंच. कुंडीत कचरा टाकणं थांबायला हवं, कुंड्यांच्या ओळीवर बांधकाम होता कामा नये, बोगद्यात चढलेला क्षाराचा थर जाणकारांच्या देखरेखीखाली काढायला हवा, कारण तो वाढत गेला तर पाझराची तोंडंच बुजतात. पण समजा हे सगळं झालं आणि आजूबाजूचं भूजल बोगद्याच्या खाली गेलं, तर हातात राहील तो कोरडा बोगदा. अशा वारशाचं संरक्षित क्षेत्र कुंपणाच्या आत मावत नाही. ते पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातं, लोकांच्या मळ्यांखालून, नाल्यांच्या पात्रांखालून.

म्हणजे भंडारा वाचवायचं काम बरंचसं भंडाऱ्यापासून लांब आहे. पायथ्याच्या नाल्यांमधली वाळू आणि गोटे उपसून नेले की पाणी मुरायची वाटच बंद होते. हा उपसा थांबवणं हे पहिलं. गाळानं भरलेले पाझर तलाव मोकळे करणं हे दुसरं. बझाड्यातला पाझर तलाव जितक्या लवकर रिकामा होईल तितका चांगला, हे अनेकांना पटत नाही. भरलेला तलाव बघून डोळे निवतात, पण तिथे पाणी साचून राहिलं म्हणजे तळ गाळानं लिंपला गेलाय आणि पाणी उन्हानं उडून चाललंय. वरचं जंगल राखणं हेही त्यातच आलं. झाडोरा गेला की पावसाबरोबर माती येते आणि हीच माती बजरीच्या फटी बुजवते.

मोठी योजनाही पुढे आली आहे. तापीच्या पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याकडे नेऊन जमिनीत मुरवायचं, अशा तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे २०२५ मध्ये केला. ती केव्हा आणि कशी उभी राहते ते बघू. रहीमच्या कारागिरांनी जी बजरी ओळखली, तिच्यातच पाणी घालायची ही कल्पना आहे.

तोवर एक छोटी गोष्ट सहज होण्यासारखी आहे. भंडाऱ्याच्या दोन-चार कुंड्यांमधली पाण्याची पातळी दर महिन्याला मोजावी आणि तिथल्याच फलकावर लिहावी, मराठीत आणि हिंदीत. जवळच्या शाळेतली मुलंसुद्धा दोरी आणि टेप घेऊन हे काम करू शकतील. रावेर-यावलच्या गावांनीही आपापल्या एका जुन्या विहिरीची तशीच नोंद ठेवावी, आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघावेत.